गोळ्यांची पिशवी

दाढ ठणकत असलेल्या माणसाला छातीबद्दल विचारलं की तो चिडतो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, गाल सुजलेला, लवंगेचं तेल लावून लावून हिरडी पोळलेली, आणि समोरची डॉक्टरीण विचारतेय की चढ चढताना दम लागतो का. एका जुन्या पैलवानाने मला तोंडावर सुनावलं होतं, "मॅडम, दुखतंय वर आन् तुमी चवकशी करताय खालची. पक्कड घ्या आन् मोकळं करा." त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. तरीही मी विचारणं सोडलेलं नाही.

जेऊर हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं, करमाळा तालुक्यातलं स्टेशन. बाहेरचे लोक ते नागराज मंजुळे यांचं गाव म्हणून ओळखतात. आसपासच्या वाड्यावस्त्यांना ते बाजाराचं आणि गाडी पकडायचं गाव आहे. उजनीचं पाणी फिरलं तसा या पट्ट्यात ऊस वाढला, कंदरच्या बाजूला केळीच्या बागा उभ्या राहिल्या. पैसा खेळायला लागला आणि घरोघरी बीपी-शुगरच्या गोळ्याही आल्या. दुखण्याच्या वाटा मात्र वेगवेगळ्या. दातासाठी गावातला दवाखाना. हृदयासाठी बार्शी, अकलूज, सोलापूर, नाहीतर सरळ गाडीत बसून पुणे. तिकडचे डॉक्टर तोंड उघडायला सांगत नाहीत, इकडची डॉक्टर छातीला नळी लावत नाही. आमची गाठ पडते ती फक्त रुग्णाच्या गोळ्यांच्या पिशवीत.

ही पिशवी कापडाच्या दुकानातली असते, किंवा खताच्या दुकानाचं नाव छापलेली. तिच्यात रिपोर्ट, आधार कार्डाची झेरॉक्स, अर्धवट संपलेली बामची बाटली आणि गोळ्या. गोळ्यांची पाकिटं अख्खी नसतात. दहाचं पाकीट परवडत नाही म्हणून मेडिकलवाला कात्रीने चार-चार गोळ्या कापून देतो, आणि कापताना नाव निघून जातं. मग माझ्या हातात येतो चांदीच्या कागदाचा एक तुकडा, त्यावर '…प्रिन ७५' एवढंच. ती ॲस्पिरिन आहे हे मला कळतं. पण शेजारच्या तुकड्यावर नुसती तारीख असेल, तर फोन लावल्याशिवाय काही कळत नाही.

विचारायचीही एक रीत आहे. "कसल्या गोळ्या चालू आहेत का, मामा?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "न्हाय ओ, कसल्याच न्हाईत." मग "बीपीची?" असं विचारायचं. "ती व्हय, ती चालूच असती की." जी गोळी रोज घ्यायची ती त्यांच्या लेखी औषध नसतेच, ती मिठासारखी घरातली वस्तू. औषध म्हणजे पाच दिवसांचं, दुखणं थांबवणारं. म्हणून मी एकेका गोळीचं नाव घेऊन विचारते: बीपीची, साखरेची, रक्त पातळ व्हायची, जिभेखाली धरायची. शेवटच्या दोन प्रश्नांवर घरातलं कुणीतरी दचकून म्हणतं, "आप्पांना दोन वर्सामागं फुगा घालून स्प्रिंग टाकलीया, ते सांगायचं ऱ्हायलंच."

आप्पांनी मात्र माझ्याकडे यायच्या आधी स्वतःच एक निर्णय घेतलेला असतो. दाढ काढायची म्हणजे रक्त येणार, म्हणून चार दिवसांपासून रक्त पातळ व्हायची गोळी बंद. हे त्यांना कधी मेडिकलवाल्याने सांगितलेलं असतं, कधी शेजाऱ्याने, कधी डॉक्टरनेसुद्धा. जुन्या काळी आम्हा दातवाल्यांची शिकवणही तीच होती. पण रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यावर त्या जाळीवर आतून अस्तर धरायला वेळ लागतो, आणि तोवर गोळ्या थांबवल्या तर जाळीतच रक्ताची गुठळी होऊन झटका येऊ शकतो. अशा घटना लक्षात आल्यावर २००७ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी एकत्र येऊन बजावलं की दातांच्या कामासाठी या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. हिशोब सरळ आहे. दाढेच्या खड्ड्यातून येणारं रक्त मला दिसतं आणि मी ते बोटाने दाबू शकते. हृदयाच्या धमनीतली गुठळी मला दिसतही नाही आणि तिथे माझं बोटही पोचत नाही.

म्हणून गोळी चालू ठेवूनच दाढ काढायची. मूळ निघालं की खड्ड्यात रक्त साकळू द्यायचं, ट्रानेक्सामिक ॲसिडमध्ये भिजवलेली जाळीच्या कापडाची घडी वर ठेवायची, काळ्या रेशमाचे एक-दोन टाके घालायचे आणि तोंड मिटून घट्ट दाबायला सांगायचं. यात कौशल्याचं फार काही नाही. खरी लढाई पुढच्या अर्ध्या तासाची, कारण आपल्याकडे रक्ताची चव लागली की माणूस थुंकतो आणि चूळ भरतो. थुंकलं की साकळलेलं रक्त निघून येतं, ते पाहून घाबरून तो आणखी जोरात थुंकतो. बाकावर बसवून मी पहारा देते. "गिळा, काका, गिळा." काकांच्या चेहऱ्यावर उभ्या जन्मात न पाहिलेली किळस असते.

कृत्रिम झडप बसवलेल्यांचं प्रकरण जास्त जोखमीचं. त्यांना ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन असतं आणि रक्त किती पातळ आहे ते आयएनआरच्या आकड्यावरून कळतं. धातूची झडप असलेल्यांचा आकडा साधारण अडीच ते साडेतीन ठेवतात. त्या मर्यादेत असेल आणि एकच दाढ असेल तर मी इथेच काढते. वर गेला असेल तर मोठ्या दवाखान्यात पाठवते. अडचण अशी की आकडा कालचा किंवा आजचा लागतो आणि पिशवीत सापडतो मागच्या आषाढीचा.

झडपेवरून जी रुग्ण मला पहिल्यांदा आठवते ती ऊसतोड कुटुंबातली होती. दसरा-दिवाळीनंतर बीडच्या बाजूने टोळ्या येतात, कारखान्यांच्या भोवती आणि फडांच्या कडेला कोप्या उभ्या राहतात, आणि त्यातली माणसं दवाखान्यात येतात ती अगदीच नाइलाज झाल्यावर. ही विशीची मुलगी, लग्न झालेली. दात दुखतो म्हणून आली नव्हती. दातामुळे ऑपरेशन अडलंय म्हणून आली होती. पुण्याच्या दवाखान्यात तिची झडप बदलायची ठरली होती, पैशांची सोय महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाली होती (२०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने ही योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होता), आणि शेवटच्या क्षणी कागदावर एक ओळ आली होती: तोंडात कुठेही पू नाही असा दंतवैद्याचा दाखला आणा. नवऱ्याला ते पटत नव्हतं. दम छातीतून लागतो आणि हे दात बघायला पाठवतात, म्हणजे आणखी खर्च काढायचा डाव असणार, असं त्याला वाटत होतं. मुकादमाचा फोन तर मी तपासत असतानाच आला. त्याला एवढंच हवं होतं की कोयता, म्हणजे ही नवरा-बायकोची जोडी, कधी कामावर येणार.

लहानपणी तिचे गुडघे आणि घोटे आळीपाळीने सुजायचे, ताप यायचा, मग आपोआप बरं व्हायचं. संधिवाताचा ताप तो. घशातल्या एका जातीच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीर चुकून स्वतःच्या हृदयाच्या झडपांवर उलटतं. दाटीवाटीने राहणाऱ्या, घसा दुखला म्हणून दवाखान्यात न जाणाऱ्या घरांचा हा आजार. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ हद्दपार झालाय; आपल्याकडे अजून आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जी तपासणी होते तिच्या यादीत हा हृदयरोग आणि किडलेले दात दोन्ही आहेत, एकाच कागदावर. पण ही पोरगी सहा महिने गावात आणि सहा महिने फडावर. तपासणीचं पथक शाळेत आलं असेल तेव्हा ती बहुतेक उसाच्या मोळ्या बांधत असणार.

तोंडात दोन दाढांची नुसती मुळं उरली होती, आणि एका मुळाशी हिरडीवर तांदळाएवढी पुळी. दाबली की पू. तिला ती कधीच दुखली नव्हती, कारण पुवाला बाहेर पडायला वाट होती. अशी न दुखणारी मुळं वर्षानुवर्षं तोंडात राहतात. तोंडातले साधे स्ट्रेप्टोकोकस जंतू, जे तुमच्या-माझ्या तोंडातही आहेत, अशा जागेतून रक्तात उतरतात. १९३५ साली ओकेल आणि एलियट या इंग्लंडमधल्या दोघांनी दात काढल्याबरोबर रुग्णांचं रक्त तपासून हे दाखवून दिलं. निरोगी माणसाचं शरीर ते जंतू थोड्याच वेळात निपटून काढतं. पण जी झडप आधीच खरबरीत झालेली आहे, जिच्यावर रक्तातल्या बिंबिकांचा आणि तंतूंचा पातळ थर धरलेला आहे, तिथे जंतूंना चिकटायला जागा मिळते. मग महिना महिना बारीक ताप, वजन उतरणं, आणि झडपेवरचा तो गोळा तुटून मेंदूकडे गेला तर अर्धांगवायू. नवी झडप बसवलेल्याला हे झालं तर जीव वाचवणं फार कठीण. म्हणून तो दाखला.

ती आडवी होऊ शकत नव्हती. आडवी झाली की फुफ्फुसात पाणी साठल्यासारखा दम लागायचा. तेव्हा खुर्ची सरळ ठेवून, मी कंबरेत वाकून, तिचं डोकं माझ्या कोपरात धरून भूल दिली. भुलीच्या इंजेक्शनातलं ॲड्रेनलिन हृदयाला चाबूक मारू नये म्हणून औषध थोडं थोडं, मागे ओढून रक्तवाहिनीत सुई नाही ना ते बघत. प्रतिजैविकाचा प्रश्न त्याआधीच पडला होता. दात काढण्याच्या आधी तासभर दोन ग्रॅम ॲमॉक्सिसिलिन, एकदाच, ही पाठ्यपुस्तकातली रीत. पण हिला दर एकवीस दिवसांनी पेनिड्युरचं, म्हणजे पेनिसिलिनचं, इंजेक्शन चालू होतं. सतत पेनिसिलिन मिळणाऱ्या माणसाच्या तोंडातल्या जंतूंना त्याची सवय झालेली असते, त्यामुळे त्याच घराण्यातलं औषध तिथे लागू पडेलच असं नाही. पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी ॲझिथ्रोमायसिन सांगितलं, आणि दोन्ही मुळं एकाच बैठकीत काढली, म्हणजे पुन्हा पुन्हा औषध द्यायला नको.

इथे शास्त्राच्या पुस्तकाशी माझं थोडं भांडण आहे. २००७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हे आधी द्यायचं औषध फार थोड्या लोकांपुरतं ठेवलं: कृत्रिम झडपवाले, पूर्वी असा संसर्ग होऊन गेलेले, काही जन्मजात दोष असलेले, आणि हृदय बदललेल्यांपैकी काही. संधिवाताच्या तापाने खराब झालेली स्वतःचीच झडप त्या यादीतून गेली. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने तर जवळपास सगळ्यांनाच नको म्हटलं. त्यांचं म्हणणं चूक नाही. चावताना, दात घासतानाही रोज जंतू रक्तात जातात. वर्षातून एकदा दात काढताना गोळी देऊन किती फरक पडणार? रोज तोंड स्वच्छ ठेवणं जास्त कामाचं. पण ज्या देशांनी हे नियम लिहिले तिथे हा आजार जवळजवळ उरलेलाच नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये, जिथे मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत तो अजून आहे, तिथे अशा रुग्णांना औषध देणं चालू ठेवलं गेलं. कोपीत राहणाऱ्या मुलीला कुणाचा नियम लावायचा, याबद्दल माझं मत ऑस्ट्रेलियाच्या बाजूने आहे. उलट, ज्याला याची काहीच गरज नाही अशा प्रत्येक गुडघेदुखीवाल्याला दाढेबरोबर पाच दिवसांचा कोर्स देणारे आमचे व्यवसायबंधू मला दोन्ही नियमांच्या बाहेरचे वाटतात.

ऑपरेशन झालं. पुढच्या हंगामात ती आली तेव्हा छातीवर मधोमध व्रण होता आणि पिशवीत एक नीट जपलेलं कार्ड. खुर्चीत बसायच्या आधीच तिने विचारलं, "मॅडम, ती आधी घ्यायची गोळी घिऊ का?" त्या दिवशी मी फक्त तिचं तोंड बघणार होते. पण हा प्रश्न मी ज्यांच्याकडून ऐकायला हवा होता त्या शिकल्यासवरल्या लोकांकडून क्वचितच ऐकलाय.

आता दुसऱ्या टोकाला या. हल्ली मोबाइलवर संदेश फिरतात: दात घासा, हार्ट अटॅक टाळा. हिरड्यांचे जंतू थेट हृदयात जाऊन नळ्या बंद करतात, असं चित्रासकट. कंपन्यांच्या भित्तिपत्रकावरही असतं, सुजलेल्या हिरड्या म्हणजे तळहाताएवढी उघडी जखम. माझ्याकडेही असं एक पत्रक आलं होतं. मी लावलं नाही. खरोखर मोजमाप केलेल्यांनी पायोरियाच्या रुग्णांत दातांभोवतीच्या हिरडीच्या अस्तराचं एकूण क्षेत्रफळ आठ ते वीस चौरस सेंटिमीटर सांगितलंय. म्हणजे तळहातापेक्षा बरंच लहान. तेवढी सूजही काही थोडी नव्हे, पण लोकांना घाबरवायचं असेल तर निदान मोजून घाबरवावं.

या विषयाला नव्याने तोंड फुटलं ते फिनलंडमध्ये. १९८९ साली किम्मो मॅटिला आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकच्या १०० रुग्णांची तोंडं तपासली आणि गावातल्या इतर १०२ जणांशी ताडून पाहिली. झटका आलेल्यांची तोंडं जास्त वाईट निघाली. तेव्हापासून अशा अभ्यासांचा ढीग झालाय. २०१२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने तो सगळा ढीग उपसून सांगितलं की हिरड्यांचा आजार आणि धमन्यांचा आजार बरोबर आढळतात हे खरं, तंबाखू-मधुमेह वजा केल्यावरही थोडा संबंध उरतो. पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही, आणि हिरड्या बऱ्या केल्याने झटके कमी होतात हेही नाही. मला स्वतःला टोनेट्टी यांचा २००७ चा अभ्यास सगळ्यात प्रामाणिक वाटतो. त्यांनी १२० रुग्णांपैकी निम्म्यांच्या हिरड्या अगदी खोलवर साफ केल्या आणि रक्तवाहिन्या किती लवचीकपणे फुगतात ते पाहिलं. दुसऱ्याच दिवशी परिस्थिती बिघडलेली. सहा महिन्यांनी इतरांपेक्षा सुधारलेली. म्हणजे तोंडातल्या सुजेचा रक्तवाहिन्यांशी काहीतरी व्यवहार आहे. तो किती आणि झटक्यापर्यंत पोचतो का, हा पुढचा प्रश्न.

अर्धवट ज्ञानाने काय होतं याचा इतिहासही आमच्याच धंद्यात आहे. १९१० च्या सुमारास विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने तोंडातल्या पुवावर नाना आजारांचं खापर फोडलं, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं इंग्लंड-अमेरिकेत संधिवातापासून वेडापर्यंत सगळ्यावर उपाय म्हणून चांगलेचुंगले दात उपटले गेले. माझ्याकडेही कुणी अँजिओग्राफीचा रिपोर्ट घेऊन येतं आणि म्हणतं, "सगळीच काढा मॅडम, आन् कवळी बसवा, झंझटच नको." हेच लोक मशीनने दात साफ करायचं म्हटलं की मागे सरतात, मशीनने दात ढिले होतात, हा पक्का समज. किटण निघाल्यावर दातांमधल्या फटी दिसतात आणि लोक म्हणतात मशीनने पाडल्या. उपटायला तयार, धुवायला नाही.

तोंड आणि हृदय या दोघांचा खरा समान शत्रू आमच्या भागात तव्यावर भाजला जातो. मिसरी. तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची, पाट्यावर वाटायची किंवा चुरायची, डबीत भरायची. पहाटे चूल पेटायच्या आधी बाया उंबऱ्यावर बसून बोटाने ती हिरडीला लावतात, आणि अर्धा-पाऊण तास तोंडात धरून ठेवतात. मला त्या सांगतात ते पुरुष डॉक्टरला कदाचित सांगणार नाहीत: त्याशिवाय परसाकडं होत नाही, त्याशिवाय डोकं चालत नाही, गरोदरपणात मळमळीवर लागली ती लागलीच, सासूनेच लावली. दातासाठी घेतो, हे वरवरचं कारण. उजव्या हाताच्या बोटाच्या टोकाचा काळपट डाग आणि खालच्या ओठाच्या आतली पांढुरकी सुरकुती बघितली की विचारावं लागत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर न काढता तंबाखू वापरणारे निघाले, विडी-सिगारेटवाले ३.८ टक्के. म्हणजे आपलं राज्य ओढणारं कमी आणि चघळणारं-लावणारं जास्त. आणि ५२ देशांत केलेल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू नुसती चघळणाऱ्यांनाही हार्ट अटॅकचा धोका दुपटीहून अधिक दिसला. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे म्हणतात, तो टपरीवर मागितला की मिळतो. मिसरीची बंदी तर घालायची कुणावर, ती घरातच तयार होते.

मी "मिसरी सोडा" म्हणते तेव्हा मावशी हसून "व्हय व्हय" म्हणतात. मी "छातीला वाईट" म्हणते तेव्हा ऐकून घेतात. "नातवाचा मुका घेताना त्याच्या गालाला लागते," म्हटलं की चेहरा बदलतो. हे कुठल्याही पुस्तकात नाही, पण मी तेच वापरते.

बीपीच्या गोळीबद्दल एक छोटी गोष्ट सांगून पुढे जाते. ॲम्लोडिपिन ही सरकारी दवाखान्यात सर्रास मिळणारी, चांगली गोळी. काही जणांत तिने हिरड्या वाढतात; पुढच्या दातांमध्ये गुलाबी गुठळ्या फुगून येतात, दात अर्धे झाकतात. लोक कॅन्सर म्हणून घाबरून येतात, किंवा गोळीला शिव्या देऊन ती बंदच करतात आणि बीपी दोनशेच्या घरात नेऊन ठेवतात. गोळी मी बदलत नाही, तो माझा अधिकार नाही. किटण काढते, घासायला शिकवते, आणि डॉक्टरांना चिठ्ठी लिहिते की दुसरी गोळी चालेल का बघा. बऱ्याचदा बदलून मिळते आणि काही महिन्यांत हिरड्या उतरतात.

आणि कधी कधी दात दुखतच नसतो. केळीची बाग असलेला पन्नाशीतला एक शेतकरी खालच्या दाढेवर बोट ठेवून आला. दाढ किडलेली होतीच, खड्डा स्पष्ट दिसत होता. पण आरशाच्या दांड्याने ठोकली तर दुखेना, गार पाण्याने कळ येईना. कुठे दुखतं विचारलं तर त्याने दोन्ही हातांनी दोन्ही जबडे धरले. दातांचं दुखणं मधली रेघ ओलांडून पलीकडे जात नाही. कधी दुखतं? मोटर चालू करायला बांध चढून गेलं की. थांबलं, बसलं की कमी. हृदयाकडून येणाऱ्या आणि जबड्याकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या देठाशी शेजारी शेजारी निरोप पोचवतात, त्यामुळे मेंदूचा पत्ता चुकतो. उरुग्वेतल्या एका पाहणीत हृदयाच्या कळेच्या सुमारे सहा टक्के रुग्णांना छातीत काहीच न होता फक्त तोंड-जबड्याच्या भागात दुखत होतं. मी दाढ काढणार नाही म्हटल्यावर तो भडकला. गाडीभाडं वाया गेलं, गॅस आहे, सोडा घेतला की जाईल. त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा ती त्याला गावातल्याच डॉक्टरकडे ईसीजीची पट्टी काढायला ओढत घेऊन गेली. तिथून १०८ ची गाडी, आणि त्याच रात्री अँजिओप्लास्टी.

काही आठवड्यांनी तो परत आला. तब्येत उतरलेली, हातात नवी पिशवी, त्यात दोन रक्त पातळ व्हायच्या गोळ्या. आभार वगैरे काही मानले नाहीत. "मॅडम, आता ती दाढ खरंच दुखतीया." ठोकून बघितली, या वेळी खरंच दुखत होती. मी म्हटलं, झटक्याला अजून फार दिवस झाले नाहीत, आत्ता पू काढून औषध भरून ठेवू, काढायचं थोडं पुढे बघू. "तवाच काढली असती तर?" तो म्हणाला. बायको म्हणाली, तवा काढली असती तर तुमीच ऱ्हायला नसता. दोघांचं तिथेच जुंपलं. मी मध्ये हृदयाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली: दोन्ही गोळ्या चालू ठेवून दीड महिन्यानंतर एक दाढ काढली तर चालेल का, आणि कमी ॲड्रेनलिनची भूल दिली तर हरकत आहे का. त्याच्या मुलाने चिठ्ठीचा फोटो काढून तिथल्या तिथे पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: ओके. यातल्या कुठल्या प्रश्नाला ओके, ते विचारायला मी फोन लावला.